दोन बॅटऱ्या जोडण्याचा तयार संच : तांबे उत्तम, आकृती सदोष

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये, म्हणजे वाहनामागे ओढल्या जाणाऱ्या चाकांवरच्या घरात, एका बॅटरीच्या जोडीला दुसरी बसवू पाहणाऱ्यांसाठी जे तयार जोडणी-संच विकले जातात, त्यांपैकी एका मध्यम प्रतीच्या संचाचे हे परीक्षण आहे. संचात बॅटऱ्या नसतात. त्यांना जोडणारे साहित्य तेवढे असते. दोन लांब केबल्स, एक लाल आणि एक काळी; दोन आखूड जोड-केबल्स, त्याही याच रंगांच्या; १५० अँपिअरचा एएनएल जातीचा (चपटा, नटांनी आवळायचा) फ्यूज आणि त्याचे घर; बॅटरीचा संबंध तोडणारा फिरता स्विच; रबरी टोप्या, नट, वॉशर आणि घडी घातलेले एक माहितीपत्रक. सर्व केबल्स २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या आहेत आणि त्यांच्या टोकांना कारखान्यातच लग, म्हणजे नटाखाली बसणारी छिद्राची धातूची टोके, दाबून बसवलेले आहेत. मत सुरुवातीलाच सांगून टाकणे बरे: या संचातील तांब्याचे आणि लगचे काम इतके नेटके आहे की घरच्या हत्यारांनी तेवढे साधणे बहुतेकांना जमणार नाही, मात्र माहितीपत्रकातील आकृती जशीच्या तशी उतरवली, तर या चांगल्या कामाला गालबोट लागते.

दुसऱ्या बॅटरीची गरज का भासते, हे एका थंड रात्रीचा हिशेब मांडला की कळते. ट्रेलरमधील गॅसवर चालणाऱ्या भट्टीचा पंखा साधारण ७ ते ८ अँपिअर खातो. दहा तासांच्या रात्रीत तो सगळा मिळून चार तास फिरला, तरी ३० अँपिअर-तास गेले. दिवे, पाण्याचा पंप, गॅसगळतीचा इशारा देणारे यंत्र आणि फोन चार्ज करणे यांचे मिळून आणखी १० ते १५ धरावेत. शिसे-आम्ल बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील ५०च हिशेबात धरायचे असतात. म्हणजे एक रात्र सरली की दुसऱ्या दिवशी हात आखडता घ्यावा लागतो. तशीच दुसरी बॅटरी समांतर (धनाला धन, ऋणाला ऋण) जोडली की व्होल्टेज १२च राहते आणि वापरता येण्याजोगा साठा १०० अँपिअर-तासांवर जातो. शिवाय तोच भार दोघींत विभागल्याने प्रत्येकीवरचा ताण निम्मा होतो, आणि शिसे-आम्ल बॅटरीचा स्वभावच असा की ती सावकाश उतरवली तर अधिक देते. त्यामुळे मोठ्या भाराखाली दोन बॅटऱ्या एकीच्या दुपटीहून थोड्या अधिकच पुरतात.

हेच उद्दिष्ट दुसऱ्या मार्गानेही साधता येते. गोल्फ कार्टमध्ये वापरल्या जाणाऱ्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर (एकीचे धन दुसरीच्या ऋणाला) जोडल्या की १२ व्होल्ट मिळतात. या जोडणीने अँपिअर-तास वाढत नाहीत, पण अशा एका बॅटरीची क्षमताच २२० अँपिअर-तासांच्या आसपास असते आणि तिच्या जाड पट्ट्या खोलवर उतरणे अधिक सोसतात. उणीव एवढीच की जोडीतील एक बिघडली तर दुसरी धडधाकट असूनही उपयोगाची राहत नाही. समांतर जोडीत मात्र बिघडलेली सोडवून उरलेल्या एकीवर प्रवास निभावून नेता येतो. संच दोन्ही प्रकारांना चालतो असे वेष्टनावर छापले आहे, आणि ते खरे आहे. परंतु पत्रकाच्या एकाच पानावर दोन्ही आकृत्या शेजारी शेजारी आणि अगदी सारख्या काढल्या आहेत. फरक इतकाच की एकीत जोड-केबल्स दोन आहेत आणि दुसरीत एक, तीही तिरपी. बॅटरी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, हे चित्राखाली बारीक अक्षरांत दिले आहे. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या अनवधानाने एकसर जोडल्या गेल्या तर ट्रेलरच्या मंडलात २४ व्होल्ट शिरतात, आणि मग पंप, दिवे, भट्टीचे नियंत्रण यांतले काय वाचेल याची शाश्वती कोणी देऊ शकत नाही. ही सूचना चित्राच्या वर, ठळक अक्षरांत हवी होती. ट्रेलरची तार टेकवण्याआधी जोडीच्या मोकळ्या टोकांवर मल्टिमीटर लावून १२ ते १३ च्या दरम्यानचा आकडा पाहून घ्यावा, एवढी एक ओळ लिहिली असती तरी पुरले असते.

संच हाती आल्यावर सर्वांत आधी तांबे तपासले, कारण या प्रकारच्या मालात फसवणूक होते ती तेथेच. अॅल्युमिनियमच्या तंतूंवर तांब्याचा पातळ थर चढवलेल्या केबल्स स्वस्त संचांत सर्रास आढळतात. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६० टक्के असते, त्यामुळे त्याच जाडीची ती केबल अधिक तापते, आणि लगमध्ये दाबलेला तो मऊ धातू कालांतराने सैल पडतो. ओळखण्याची रीत सोपी आहे: आवरण थोडे सोलून एक तंतू पात्याने खरवडावा, तांबड्या थराखाली चंदेरी रंग दिसला तर केबल परत करावी. याच कंपनीची सुटी मिळणारी एक जास्तीची जोड-केबल खास कापून पाहण्यासाठी मागवली होती. तिचा तंतू खोलवर खरवडूनही तांबडाच राहिला. तंतू बारीक आणि भरपूर असल्यामुळे केबल जाड असूनही हवी तशी वळते, जे बॅटरीच्या पेटीतील अरुंद जागेत फार मोलाचे ठरते. आवरणावर छेदाचे माप आणि १०५ अंश सेल्सिअस ही उष्णतेची मर्यादा स्पष्ट छापलेली आहे. तांब्यावर कथलाचा मुलामा नाही, ही कसर समुद्रकाठी किंवा बर्फासाठी मीठ पसरलेल्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. इतरांना ती जाणवणार नाही.

त्याच केबलचा लग मध्यावर करवतीने आडवा कापून बारीक पॉलिश कागदावर घासला. षटकोनी आकारात दाबलेल्या तंतूंचा गठ्ठा भिंगाखाली जवळजवळ एकसंध तांब्यासारखा दिसला. कडेला किंवा मध्ये काळी पोकळी कोठेही नव्हती. हातोडीने ठोकून बसवलेल्या लगमध्ये अशा पोकळ्या हमखास राहतात, तेथे ओल शिरते, तांबे हिरवे पडते आणि सांध्याचा रोध वाढत जातो. येथे लगच्या गळ्यावरून उष्णतेने आक्रसणारी नळी चढवली आहे आणि तिच्या आतील गोंद वितळून कडेपर्यंत आलेला दिसतो, म्हणजे ओल शिरायला वाटच ठेवलेली नाही. संचाच्या किमतीतला मोठा भाग या कामाचा आहे असे मी धरतो, आणि तो रास्त वाटतो.

प्रत्यक्ष चाचणीसाठी इन्व्हर्टरवर पाणी गरम करण्याचे उपकरण लावून बॅटऱ्यांवर साधारण ८० अँपिअरचा भार टाकला आणि मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एकेक सांधा मोजला. ही मोजणी करताना एक टोक लगवर आणि दुसरे बॅटरीच्या टर्मिनलच्या धातूवरच टेकवावे लागते, नटावर नव्हे. नाहीतर सांध्याऐवजी नटाचा आटा मोजला जातो. प्रत्येक सांध्यावर ८ ते १० मिलिव्होल्टपलीकडे घट आढळली नाही, आणि सव्वा मीटरच्या लांब केबलवर ती ७० मिलिव्होल्टच्या घरात राहिली, जी या जाडीच्या तांब्याकडून अपेक्षितच आहे. थोडक्यात, माल बोलतो तसा चालतो.

आता आकृतीकडे वळायला हवे, कारण माझी खरी तक्रार तिच्याविषयी आहे. पत्रकातील समांतर जोडणीच्या चित्रात दोन्ही लांब केबल्स एकाच बॅटरीला लावलेल्या आहेत: लाल तिच्या धन टर्मिनलला आणि काळी तिच्याच ऋण टर्मिनलला. दुसरी बॅटरी केवळ जोड-केबल्सच्या आधाराने पहिलीच्या पाठीशी उभी आहे. कागदावर हे बरोबरच दिसते, आणि व्होल्टमापकही १२ व्होल्ट दाखवतो. पण बारकाईने पाहिले तर पहिल्या बॅटरीच्या वाट्याला फक्त तिचा स्वतःचा अंतर्गत रोध येतो, तर दुसरीच्या वाट्याला तिचा अंतर्गत रोध, शिवाय दोन जोड-केबल्स आणि त्यांचे चार सांधे. बॅटरीचा अंतर्गत रोधच जेथे काही मिलिओह्मांचा असतो, तेथे सांध्यांचा एक मिलिओह्मही नगण्य राहत नाही. क्लॅम्प मीटर (केबलभोवती चिमट्यासारखा बसून प्रवाह मोजणारा) लावून पाहिले तेव्हा भार टाकताक्षणी ८० पैकी जवळची बॅटरी ४४ अँपिअर देत होती आणि लांबची ३६. आणि हे नव्या, घट्ट, स्वच्छ सांध्यांचे आकडे आहेत. एखादा सांधा गंजला की तफावत वाढत जाणार हे उघड आहे.

उपायाला एक पैसाही लागत नाही. लाल लांब केबल एका बॅटरीच्या धन टर्मिनलला लावावी आणि काळी दुसऱ्या बॅटरीच्या ऋण टर्मिनलला. अशा तिरप्या जोडणीत भाराचा मार्ग कोणत्याही बॅटरीतून गेला तरी त्याला एकच जोड-केबल ओलांडावी लागते, त्यामुळे दोघींच्या वाटेतील रोध सारखा होतो. केवळ काळ्या केबलची जागा बदलून पुन्हा तोच भार टाकला, तेव्हा दोन्ही क्लॅम्प मीटरचे आकडे चाळिसाच्या आसपास आले आणि त्यांत जेमतेम अर्ध्या अँपिअरचा फरक उरला.

या मुद्द्याचा बाऊ करण्याचेही कारण नाही. भार काही वेळ चालू राहिला की जवळची बॅटरी आधी उतरू लागते, तिचे व्होल्टेज किंचित खाली येते आणि लांबची आपोआप अधिक वाटा उचलते. हलक्या भारावर तर हा फरक शोधूनही सापडणार नाही. दोन बॅटऱ्यांच्या ट्रेलरमध्ये आकृतीप्रमाणे जोडणी केली म्हणून उद्या काही बंद पडणार नाही. परंतु जवळची बॅटरी दर वेळी थोडी अधिक उतरते आणि थोडी अधिक चार्ज होते, ती लवकर म्हातारी होते, आणि मग जोडीचा समतोलच बिघडतो. जे दुरुस्त करायला फक्त एक नट सैल करावा लागतो, ते उत्पादकाने चुकीचे का छापावे, याचे उत्तर मला केबलच्या लांबीत सापडले. दोन्ही लांब केबल्स एकाच मापाच्या आहेत. तिरप्या जोडणीत त्यांपैकी एकीला पलीकडच्या बॅटरीपर्यंत जायचे असते. बॅटऱ्या वेगवेगळ्या पेट्यांत असतील तर तेवढी लांबी कशीबशी पुरते आणि केबल पेटीच्या कडेवर ताणली जाते. ताणलेली केबल, तीही धातूच्या किंवा कठीण प्लॅस्टिकच्या कडेवर, प्रवासातील धक्क्यांनी आवरण झिजवून घेते. एका बॅटरीचे तोंड उलट दिशेला फिरवून ठेवले तर ही अडचण बऱ्याचदा सुटते. फक्त फिरवल्यावर धन आणि ऋण टर्मिनलांच्या जागा बदलतात, हे पाना हाती घेण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचून घ्यावे.

फ्यूजची निवड ठीक आहे, जागा मात्र चुकली आहे. २५ चौरस मिलिमीटरच्या केबलला १५० अँपिअरचा फ्यूज शोभतो. शॉर्ट झाल्यास फ्यूजला किती प्रवाह तोडता येतो हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न असतो: ५ मिलिओह्म अंतर्गत रोधाची चार्ज झालेली बॅटरी शॉर्टमध्ये २५०० अँपिअरच्या आसपास देऊ शकते, दोन समांतर असतील तर ५०००, आणि एएनएल फ्यूजची तोडण्याची क्षमता सामान्यतः ६००० अँपिअर असते. म्हणजे शिसे-आम्ल जोडीसाठी तो पुरेसा आहे, जरी काठावर आहे. पण आकृतीत हा फ्यूज स्विचच्या पलीकडे, ट्रेलरच्या आत दाखवला आहे. फ्यूज केबलचे रक्षण करतो ते त्याच्या पुढच्या भागाचे. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची केबल घासून सांगाड्याला टेकली तर तिला थांबवणारे काहीच नसते, आणि ट्रेलरमध्ये घासण्याची सर्वाधिक शक्यता याच तुकड्याला असते. बोटींच्या विद्युतजोडणीसाठी वापरल्या जाणाऱ्या एबीवायसी मानकात बॅटरीपासून फ्यूजपर्यंतचे हे अंतर सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त ७ इंच, म्हणजे सुमारे १८ सेंटिमीटर, धरले आहे. ट्रेलरलाही तोच दंडक लावण्यात शहाणपण आहे. यासाठी केबल कापावी लागत नाही. लाल जोड-केबलइतकाच एक आखूड तुकडा वेगळा घेतला की फ्यूजचे घर बॅटरीच्या पेटीलगत, पण पेटीबाहेर बसते. पेटीत ते नकोच, कारण फ्यूज जळताना ठिणगी उडते आणि पाणी घालाव्या लागणाऱ्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, जो हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. ज्यांना अधिक खर्च करायचा आहे त्यांनी बॅटरीच्या टर्मिनलवरच बसणारे, ठिणगी बाहेर न सोडणारे छोटे फ्यूज घ्यावेत, प्रत्येक बॅटरीला एक. म्हणजे एक बॅटरी आतून शॉर्ट झाली तरी दुसरी तिच्यात बेबंद प्रवाह ओतू शकत नाही.

आणखी एक गोष्ट पत्रकात मुळीच नाही. ट्रेलरच्या आतील दिवे, पंप, भट्टी यांना जाणारी मूळ धन तार या संचातील केबलहून कितीतरी बारीक असते आणि तिच्यावर कारखान्यातून ३० ते ५० अँपिअरचा छोटा ब्रेकर बसवलेला असतो, बहुधा सांगाड्यावरच. नवी जाड केबल आली म्हणून हा ब्रेकर काढून टाकण्याचा मोह कोणालाही होऊ नये. १५० अँपिअरचा फ्यूज जळेपर्यंत ती बारीक तार आपणच फ्यूज होऊन बसेल.

स्विच दणकट आहे, फिरवताना नेमक्या जागी खट्कन बसतो आणि ८० अँपिअरच्या भारावर अर्ध्या तासानेही हाताला कोमटच लागला. किल्लीसारखी सुटी होणारी मूठ काहींना आवडेल. मला ती हरवण्याचीच भीती अधिक वाटते. आकृतीत मात्र स्विच धन केबलवर असा बसवला आहे की तो बंद केला की सगळेच बंद होते, आणि येथे उत्पादकाने ट्रेलर कसा चालतो याचा विचारच केलेला दिसत नाही. विजेवर चालणारे ब्रेक असलेल्या ट्रेलरला ब्रेकअवे स्विच असतो: ट्रेलर ओढणाऱ्या वाहनापासून सुटला तर एक तार खेचली जाते आणि ट्रेलरच्याच बॅटरीवर त्याचे ब्रेक लागतात. ती तार तोडणाऱ्या स्विचच्या अलीकडे, थेट बॅटरीच्या बाजूलाच जोडलेली हवी, तिच्या स्वतःच्या संरक्षणासह. अन्यथा कोणी स्विच बंद ठेवूनच ट्रेलर रस्त्यावर काढला, तर संकटाच्या क्षणी ब्रेकला वीजच मिळणार नाही. सौर पॅनलच्या नियंत्रकाची धन तारही, वेगळ्या फ्यूजमधून, बॅटरीच्याच बाजूला न्यावी. तसे केले की ट्रेलर उभा करून स्विच बंद ठेवला तरी पॅनल बॅटऱ्यांना तगवून धरते, आणि नियंत्रक बॅटरीविना पॅनलला जोडलेला राहण्याचा प्रसंगही टळतो.

रंगांविषयीही सावध राहावे लागते. संचात लाल म्हणजे धन आणि काळी म्हणजे ऋण. उत्तर अमेरिकेत बनलेल्या ट्रेलरमध्ये मात्र १२ व्होल्टच्या मंडलातील धन तार बहुधा काळी असते आणि ऋण तार पांढरी. संचातील काळी केबल आणि ट्रेलरमधून आलेली काळी तार एकाच रंगाच्या म्हणून एकत्र बांधल्या, तर परिणाम उलट जोडणीचा. बहुतेक कन्व्हर्टरमध्ये (बाहेरच्या विजेवर बॅटरी चार्ज करणाऱ्या ट्रेलरमधील यंत्रात) अशा प्रसंगासाठी उलट जोडणीचे फ्यूज असतात आणि ते जळून पुढचे वाचवतात, पण त्यावर विसंबणे बरे नव्हे. जुनी बॅटरी सोडवण्याआधीच ट्रेलरच्या दोन्ही तारांना रंगीत पट्टी गुंडाळून ठेवली की पुढचा घोळ टळतो. सोडवताना आधी ऋण तार काढावी आणि जोडताना ती शेवटी लावावी, हे पत्रकात दिले आहे. कारण दिलेले नाही. ट्रेलरचा सांगाडा ऋण टर्मिनलला जोडलेला असतो, त्यामुळे ऋण तार लागलेली असताना धन नट फिरवणारा पाना सांगाड्याला टेकला तर थेट शॉर्ट होतो. ऋण तार आधी सुटली असेल तर त्याच पान्याने काहीही होत नाही.

नट-वॉशरांच्या पिशवीकडे सहसा कोणी पाहत नाही. यात स्प्रिंग वॉशर आणि सपाट वॉशर स्टेनलेस स्टीलचे आहेत, दर्जाही बरा आहे. पण सपाट वॉशर कोठे जातो हे आकृतीत चुकून लगच्या खाली दाखवले आहे. स्टेनलेस स्टीलची रोधकता तांब्याच्या साधारण ४० पट असते. प्रवाहाच्या वाटेत ते घालण्याचे काहीच प्रयोजन नाही. लग थेट टर्मिनलच्या सपाट पृष्ठभागावर बसला पाहिजे, एकाहून अधिक लग असतील तर सर्वांत जाड केबलचा लग सर्वांत खाली, आणि वॉशर व नट त्या सगळ्यांच्या वर. अनेक बॅटऱ्यांसोबत येणारे पंखाचे नट, जे बोटांनीच आवळले जातात, ते येथे वापरू नयेत. बोटांचा जोर या प्रवाहाला आणि रस्त्यातील हादऱ्यांना पुरत नाही. किती आवळावे याचा आकडा बॅटरीच्या उत्पादकाकडून घ्यावा, कारण शिशाच्या टर्मिनलमधील आटा अतिजोराने सहज उखडतो. पहिल्या लांब प्रवासानंतर प्रत्येक नटावर पुन्हा एकदा पाना फिरवावा.

जोडीतील बॅटऱ्यांविषयी पत्रकात एकच वाक्य आहे, आणि ते पूर्णपणे योग्य आहे: दोन्ही एकाच जातीच्या, एकाच क्षमतेच्या आणि एकाच वयाच्या असाव्यात. चार वर्षे वापरलेल्या बॅटरीला नवी जोडून पैसे वाचत नाहीत. एकदा जुंपल्या की दोघींचे व्होल्टेज एकच होते. जुनीतील एखादा कप्पा मेला तर ती १०.५ व्होल्टकडे ओढते आणि नवी रात्रंदिवस तिच्यात आपला साठा ओतत राहते. पत्रकात जे नाही ते असे की समांतर जोडण्याआधी दोघींना वेगवेगळे पूर्ण चार्ज करून काही तास तसेच ठेवावे आणि मग मोजावे. पूर्ण चार्ज झालेली शिसे-आम्ल बॅटरी विसावल्यावर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली १२.२ च्या आसपास. दोघींत ०.१ व्होल्टहून अधिक फरक असेल तर जोडण्याची घाई करू नये.

चार्जिंगच्या बाबतीत संचाकडून अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही, पण ग्राहकाने तयारी ठेवावी. साठा दुप्पट झाला म्हणजे त्याच कन्व्हर्टरने तो भरायला वेळही जवळजवळ दुप्पट लागणार. जुन्या ट्रेलरमधील कन्व्हर्टर १३.६ व्होल्टच्या आसपास एकाच पातळीवर अडून बसतात, तर पाणी घालाव्या लागणाऱ्या शिसे-आम्ल बॅटरीला पूर्ण भरण्यासाठी १४.४ किंवा त्याहून थोडे अधिक लागते. अशा कन्व्हर्टरवर जोडी दिवसेंदिवस अर्धपोटी राहते आणि तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसते. ओढणाऱ्या वाहनातून सातपिनी जोडणीद्वारे येणारी चार्जिंगची तार इतकी लांब आणि बारीक असते की तिच्यावर दोन बॅटऱ्या भरण्याची आशा धरू नये.

लिथियमसाठीही उपयुक्त, हा वेष्टनावरील दावा मला मान्य नाही. केबल्स चालतील, लग चालतील, स्विचही चालेल. पण लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रोध फारच कमी असतो, शॉर्टमधील प्रवाह त्या प्रमाणात वाढतो, आणि शिसे-आम्लसाठी काठावर असलेला एएनएल फ्यूज येथे काठाच्या पलीकडे जातो. तेथे २०,००० अँपिअर तोडू शकणारा क्लास टी फ्यूजच हवा. शिवाय अशा दोन बॅटऱ्या वेगवेगळ्या पातळीवर असताना एकमेकींना जोडल्या तर मधला प्रवाह अडवायला रोधच नसतो, त्यामुळे दोघींना आधी पूर्ण भरून घेणे येथे केवळ इष्ट नाही, अनिवार्य आहे. लिथियमचा विचार असणाऱ्याने या संचातील फ्यूज वगळून केबल्स सुट्या घ्याव्यात.

वजनाचा उल्लेख वेष्टनावर कोठेही नाही. नेहमीच्या आकाराची १२ व्होल्टची डीप-सायकल (खोलवर उतरवता येणारी) बॅटरी २५ किलोच्या आसपास भरते, गोल्फ कार्टची ६ व्होल्टची त्याहून थोडी जड, आणि दुसरी बॅटरी नेमकी ट्रेलरच्या पुढच्या जिभेवर, म्हणजे वाहनाला जोडल्या जाणाऱ्या दांड्यावर, येते. जिभेवरील भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्क्यांत राहावा लागतो. जे आधीच वरच्या टोकाला आहेत त्यांनी जोडणीपूर्वी हा भार मोजून घ्यावा.

मागणी नोंदवताना काळी लांब केबल ३० सेंटिमीटर अधिक लांबीची मागवावी. हा पर्याय विक्रेत्याच्या यादीत अगदी तळाशी आहे आणि किमतीत नाममात्रच भर पडते. तिच्यासोबत फ्यूजसाठी लाल आखूड तुकडाही घ्यावा. तेवढे केले की तिरप्या जोडणीला लागणारे सगळे साहित्य एकाच खोक्यातून मिळते आणि माहितीपत्रकातील समांतर जोडणीच्या आकृतीवर पेनाने काट मारता येते.